कन्सोल गेला, कंट्रोलर उरले : पीसीला कसे जोडायचे?

जिरावण | रवि, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

पावसाच्या पहिल्याच गडगडाटात आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरच्या घरातला प्लेस्टेशन ४, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल, गेला. टीव्ही वाचला, फ्रिज वाचला, नेमका हाच गेला. जेल रोडला दोन ठिकाणी दाखवून आलो. एकाने पाच मिनिटांत ‘बोर्ड गया’ म्हणून परत हातात दिला. दुसऱ्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी स्वतःच उचलला आणि घरी आलो.

आता घरात उरलंय ते असं : प्लेस्टेशन ४ चा एक कंट्रोलर, ओरिजिनल. भावाने पुण्याला जाताना टाकून दिलेला प्लेस्टेशन ३ चा एक. शिवाय माळ्यावर आमच्या लहानपणच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमचा एक पॅड सापडला, नऊ पिनांच्या कनेक्टरचा. तो सध्या फक्त आठवण म्हणून ठेवलाय.

पीसी ऑफिसचाच आहे. विंडोज १०, ग्राफिक्स कार्ड नाही, दिवसभर टॅली चालतं. लेक आठवीत आहे, तिला फुटबॉल आणि गाड्यांच्या शर्यती एवढंच हवंय. मोबाइल चार्जिंगची केबल लावून प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर जोडला. पुढची पट्टी नारिंगी होऊन मंद श्वास घेतल्यासारखी उजळत-विझत राहिली. गेमला पत्ताच नाही. लेक म्हणाली, ‘बाबा, तो नुसता चार्ज होतोय.’

नवा पॅड न घेता काम होईल का?

---

तर्रीबाज | रवि, रात्री ११:०५

लेकीचं बरोबर आहे भिया. केबल बदला.

यूएसबीच्या केबलमध्ये चार तारा लागतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. ट्रिमर, हेडफोन, पॉवर बँक यांच्यासोबत ज्या केबल फुकट येतात त्यांतल्या बऱ्याच केबलींत डेटाच्या दोन तारा नसतातच. त्याच केबलने एखादा जुना फोन पीसीला लावून बघा. फाइल ट्रान्सफरचं विचारलं तर केबल चांगली. फोन मुकाट्याने चार्ज व्हायला लागला तर ती केबल आजीच्या रेडिओला द्या.

---

जिरावण | सोम, सकाळी ८:१५

तर्रीबाज, दंडवत! जुन्या फोनच्या डब्यातली केबल लावली आणि विंडोजने ‘टुंग’ केलं. पण आता दोन नव्या भानगडी :

१. कंट्रोलर लावला की पीसीचे स्पीकर मुके होतात. काढला की बोलतात. अर्धा तास स्पीकरच्या वायरी उलटसुलट करून झाल्या.

२. एका गेममध्ये उजवी काडी (अंगठ्याने ढकलायची) हलवली की गाडी आपोआप ब्रेक मारते. दुसऱ्या गेमला कंट्रोलर दिसतच नाही. आणि पडद्यावर ‘ए दाबा’ येतं. माझ्या पॅडवर ए कुठेय? चौकोन, त्रिकोण, गोल, फुली आहे.

---

मधुरा_विजयनगर | सोम, दुपारी १:३०

जिरावणदादा, स्पीकर बिघडलेले नाहीत. त्या कंट्रोलरला खाली हेडफोनचं भोक आहे ना, त्यामुळे तारेने जोडला की विंडोजला तो एक साउंड कार्डही वाटतो आणि सगळा आवाज तिकडे वळतो. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारा आणि यादीतून तुमचे जुने स्पीकर निवडा. संपलं.

दुसरी भानगड जरा मुळापासून सांगते, कारण या विषयातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तेच आहे.

विंडोजमध्ये कंट्रोलरशी बोलायच्या दोन बोली आहेत. जुनी डायरेक्टइनपुट. तिच्यात कंट्रोलर फक्त ‘माझं बटण क्रमांक दोन दाबलंय, माझा तिसरा अक्ष इतका हलला’ असं सांगतो. क्रमांक दोन म्हणजे फुली की चौकोन, ते गेमने ओळखायचं किंवा तुम्ही बसून शिकवायचं. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट आणलं. त्यात सगळं ठरलेलं : ए, बी, एक्स, वाय, दोन काड्या, दोन ट्रिगर (बोटाने ओढायची वरची बटणं), एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर. गेम लिहिणाऱ्यांना हे इतकं सोयीचं पडलं की पुढे बऱ्याच गेमनी दुसरी बोली ऐकणंच सोडून दिलं.

तुमचा सोनीचा कंट्रोलर एक्सइनपुट बोलत नाही. ज्या गेमला जुनी बोली कळते, त्याने अंदाजाने अक्ष जुळवले आणि तुमच्या काडीला ब्रेक समजला. ज्याला ती कळत नाही, त्याच्या लेखी तुम्ही खोलीतच नाही.

म्हणजे पॅड ठणठणीत आहे, मध्ये दुभाषा हवा. आधी खात्री करून घ्या : विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून जॉय.सीपीएल टाइप करा (जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल). यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ दिसेल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एकेक बटण दाबा. तिथे दिवे लागत असतील तर पॅडला नावं ठेवायचं कारण नाही.

---

जिरावण | सोम, दुपारी २:१०

दिवे लागतायत! क्लायंट समोर बसलाय आणि मी टेबलाखाली बटणं दाबतोय. दुभाषा कुठे मिळतो?

---

मधुरा_विजयनगर | सोम, संध्या ७:२०

दोन वाटा आहेत.

गेम स्टीमवर, म्हणजे गेमच्या त्या ऑनलाइन दुकानात घेतलेला, असेल तर काहीच उतरवायचं नाही. स्टीमने २०१६ च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरला आधार दिला. निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर आणि प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स नंतर आले. सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या पानावर प्लेस्टेशनसाठी स्टीम इनपुट चालू करा. गेमला वाटतं एक्सबॉक्सचा पॅड आहे. एकच अट, गेम स्टीममधून सुरू व्हायला हवा. बाहेरचा गेमही ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून यादीत टाकता येतो, बहुतेक वेळा चालतो.

दुसरी वाट डीएस४विंडोज. हा छोटा प्रोग्राम मागे बसतो, तुमच्या पॅडचं ऐकतो आणि विंडोजसमोर एक खोटा एक्सबॉक्स ३६० पॅड उभा करतो. तो खोटा पॅड बनवायचं काम व्हिजेमबस नावाचा ड्रायव्हर (विंडोजची उपकरणाशी गाठ घालणारा प्रोग्राम) करतो. २०२३ मध्ये तो प्रकल्प थांबवला गेला, पण शेवटची आवृत्ती विंडोज १० आणि ११ वर नीट चालते.

मात्र एका वेळी एकच दुभाषा! दोन्ही चालू ठेवले तर गोंधळ.

---

एक्सबॉक्सपंथी | सोम, रात्री ९:००

एवढे उपद्व्याप कशाला? एक्सबॉक्सचा पॅड घ्या, तार लावा, खेळा. विंडोज त्यांचं, पॅडही त्यांचाच.

---

तर्रीबाज | सोम, रात्री ९:१२

धाग्याचं शीर्षक वाचलं का? ‘उरले’ असं लिहिलंय. :)

आणि एक्सबॉक्सच्या पॅडचेही चोचले आहेत. मी जुन्या बाजारातून ३६० चा वायरलेस पॅड आणला, सोबत चार्जिंगची केबलही. घरी येऊन जोडला, पीसी ढिम्म. मग कळलं की त्या वायरलेस पॅडच्या ‘प्ले अँड चार्ज’ केबलमधून फक्त वीज जाते. पीसीसाठी वेगळा वायरलेस रिसीव्हरच लागतो. दोन दिवस मी केबलला शिव्या घातल्या, ती बिचारी तिचं काम करत होती.

---

एक्सबॉक्सपंथी | सोम, रात्री ९:३०

ते ३६० चं मान्य. एक्सबॉक्स वनचा सेकंडहँड पॅड कोणी घेणार असेल तर ब्लूटूथ आहे की नाही हे लांबूनही कळतं. मधल्या गोल एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक बघा. ते पुढच्या मॅट तोंडवळ्याचाच भाग असेल तर ब्लूटूथ आहे, म्हणजे २०१६ नंतरची सुधारित घडण. ते वरच्या चकचकीत पट्टीचा भाग असेल तर २०१३ पासूनची जुनी घडण, ब्लूटूथ नाही. तिला तार लावा नाहीतर मायक्रोसॉफ्टचा वेगळा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) घ्या. आणि ब्लूटूथवर पॅडच्या भोकात हेडफोन लावून आवाज येत नाही, दुकानदार काहीही सांगो.

---

बडोदेकर | मंगळ, सकाळी ७:५०

आमच्याकडे दांडिया बाजारात राहून मी हजारभर रुपयांच्या आतले तारेचे पॅडच वापरत आलो. त्यातल्या काहींच्या पाठीवर एक बारीक सरकती कळ असते, एक्स आणि डी. एक्स म्हणजे एक्सइनपुट, डी म्हणजे डायरेक्टइनपुट. काहींत मधलं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की बोली बदलते. पॅड बिघडला म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने टाकून दिला होता, मी कळ सरकवून दिली. तेव्हापासून कॉलनीत मी इंजिनिअर.

अवांतर : अस्सल एक्सबॉक्स पॅड जुन्या डायरेक्टइनपुटवाल्या गेममध्ये लावला तर दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर येतात. एकाने गाडी पुढे, दुसऱ्याने मागे, दोन्ही दाबले तर शून्य. गेम खराब नसतो.

---

जिरावण | मंगळ, रात्री ११:२०

अहवाल : स्टीमवर फुटबॉल चालला. लेकीने मला ६-० हरवलं. मी कीबोर्डवर होतो, हे नोंदवून ठेवा.

शर्यतीचा गेम दुसऱ्या दुकानातून घेतलेला, म्हणून डीएस४विंडोज टाकलं. तिथे भूत लागलंय. मेन्यूमध्ये एकदा खाली दाबलं की दोन घरं खाली. स्टीम बंद आहे, पाहिलं.

---

मधुरा_विजयनगर | बुध, सकाळी ९:४०

हे भूत ओळखीचं आहे. गेमला खरा पॅडही दिसतो आणि खोटाही. तुम्ही एकदा दाबता, दोघं सांगतात. खऱ्याला गेमपासून लपवायला हवं. त्यासाठी हिडहाइड नावाचा लहानसा ड्रायव्हर आहे. यादीत तुमच्या पॅडवर खूण करा आणि परवानगीच्या यादीत फक्त डीएस४विंडोज टाका. पीसी एकदा बंद-चालू करा.

---

जिरावण | बुध, रात्री १०:००

गेलं भूत!

आता तार काढायची हौस आली. डॉलर मार्केटमधून ब्लूटूथचा डोंगल आणला. शेअर आणि पीएस बटण एकत्र धरल्यावर पट्टी भराभर लुकलुकली, जोडणीही झाली. पण गाडी वळणावर अडखळते. तारेने लोण्यासारखी चालते.

---

पेंग्विन_सुदामानगर | बुध, रात्री १०:३५

डोंगल कुठे खोचलाय? माझा अंदाज : कॅबिनेटच्या मागे, निळ्या पोर्टमध्ये, बाजूला बाहेरची हार्ड डिस्क.

---

जिरावण | बुध, रात्री १०:४१

तुम्ही माझ्या टेबलाखाली बसला आहात का?

---

पेंग्विन_सुदामानगर | बुध, रात्री ११:१०

सगळेच तिथेच खोचतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि यूएसबी ३.० ची तार व जोड नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. त्यात भर म्हणून तुमचं लोखंडी कॅबिनेट मध्ये उभं. यूएसबीची एक एक्स्टेंशन तार घ्या, डोंगल टेबलावर आणा, पॅडला दिसेल असा. हार्ड डिस्क खेळताना काढून ठेवा.

आता तुमच्या प्लेस्टेशन ३ वाल्या पॅडबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. तो यूएसबीला लावला की चारही दिवे नुसते लुकलुकत राहतात. विंडोज त्याला ओळखल्यासारखं करतं, पण पॅड गप्प. त्याला आधी ‘बोल’ असा खास निरोप जावा लागतो आणि विंडोजचा मूळ ड्रायव्हर तो पाठवत नाही. डीएसहिडमिनी नावाचा ड्रायव्हर टाका, तो पाठवतो. जुन्या व्हिडिओंत दाखवलेले दहा-बारा वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर शोधत बसू नका. एकाने माझ्या ब्राउझरचं होमपेजच बदलून टाकलं होतं.

विंडोजऐवजी लिनक्स असेल तर यातलं काही नाही. केबल लावा, मधलं बटण दाबा, झालं. ड्युअलसेन्ससाठी सोनीनेच ड्रायव्हर दिला, तो २०२१ मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ५.१२ आवृत्तीत आला. स्विचच्या कंट्रोलरांचा २०२२ च्या सुरुवातीला ५.१६ मध्ये.

---

तर्रीबाज | गुरु, सकाळी ८:००

आला, लिनक्स आला. मी वाटच बघत होतो. (हलके घ्या.)

---

रामबागकर | गुरु, सकाळी ११:२५

मी खेळत नाही. वय ७१. पण या धाग्यात माझाही एक अनुभव.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. माऊसचं चाक फिरवलं की दुखतं आणि मी दिवसभर पीडीएफ वाचत असतो, जुने दिवाळी अंक स्कॅन केलेले. नातवाने जाताना त्याचा जुना पॅड दिला आणि अँटीमायक्रोएक्स नावाचं काहीतरी बसवून गेला. आता डावी काडी किंचित पुढे ढकलली की पान हळूहळू सरकतं, पूर्ण ढकलली की भरभर. खांद्यावरच्या एका बटणाने पान उलटतं, दुसऱ्याने अक्षर मोठं होतं. हात मांडीवर, पाठ खुर्चीला.

एकच कटकट : कधी कधी काडीला हातही न लावता पान आपोआप वर सरकतं.

---

मधुरा_विजयनगर | गुरु, दुपारी १:१५

काका, हे वाचून फार छान वाटलं.

पान आपोआप सरकतं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. काडीच्या खाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसलेच. त्यातली कार्बनची पट्टी घासून झिजते किंवा धूळ बसते आणि काडी मधोमध असूनही ‘थोडी पुढे आहे’ असं सांगते. प्रोग्राममध्ये डेड झोन नावाची सरकपट्टी आहे, ती थोडी वाढवा. मधल्या भागातली बारीक हालचाल मग धरली जाणार नाही. वाचनाला थोडा बोथटपणा चालतो. नेमबाजी करायची असती तर काडी बदलायला सांगितलं असतं. हॉल सेन्सरच्या काड्या मिळतात, त्या चुंबकावर चालतात, त्यात घासायला काही नसतं.

---

रामबागकर | गुरु, दुपारी ४:००

नेमबाजी नको. डेड झोन वाढवला, पान थांबलं. मंडळी, आभार.

---

सोल्डरवाला | गुरु, रात्री १०:५०

जिरावणभाऊ, सगळे तुमच्या सोनीत अडकले आणि धाग्यातली खरी मौल्यवान वस्तू माळ्यावर परत जाणार. तो नऊ पिनांचा पॅड!

आपल्याकडे ते कॅसेटवाले गेम आले ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. पॅडचं आतलं तंत्रही तेच. आठ बटणं, पण तारा फक्त पाच : ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. अस्सल पॅडमध्ये ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर चिप असते, नकलेत बहुधा काळ्या डांबरासारखा थेंब, चिप त्याच्याखाली. कन्सोल लॅचच्या तारेवर एक झटका देतो, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती टिपली जाते. मग क्लॉकच्या प्रत्येक झटक्याला एकेक बटण डेटाच्या तारेवरून बाहेर येतं. क्रम कायम : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलं असेल तर शून्य, नसेल तर एक. हजेरी घेतल्यासारखं आहे. मास्तर एकदा ‘हजेरी’ म्हणतात, मग पटावरच्या क्रमाने एकेक.

हे वाचायला आर्डुइनो प्रो मायक्रो हा कोड टाकता येणारा छोटा बोर्ड घ्या, एटीमेगा ३२यू४ चिपवाला. साधा ऊनो घेऊ नका. त्याची मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलत नाही, पीसीला तो जॉयस्टिक म्हणून सहज दिसणार नाही. जॉयस्टिकची तयार लायब्ररी आहे, कोड पंचवीस-तीस ओळींचा.

एकच कळकळीची सूचना : तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. नकलांमध्ये प्रत्येकाने हाताला येईल तो रंग वापरलाय. पॅड उघडा, तार आतल्या सर्किटच्या पट्टीवर कुठे डाखलीय ते बघा, मल्टिमीटरने कुठल्या पिनेला जाते ते तपासा आणि मगच ५ व्होल्ट द्या.

---

जिरावण | शुक्र, रात्री ११:५५

सोल्डरवाले, तुम्ही माझी झोप उडवली. प्रो मायक्रो मागवतोय. बायको म्हणाली, कन्सोल दुरुस्तीला पैसे नव्हते ना?

---

जिरावण | (नऊ दिवसांनी) रवि, दुपारी १२:१०

धागा वर काढतोय.

एक्स्टेंशनने ब्लूटूथ सुधारलं, वळणं आता गुळगुळीत. प्लेस्टेशन ३ चा पॅड डीएसहिडमिनीने बोलता झाला, लेक आणि भाचा दोघं खेळतायत.

आणि नऊ पिनांचा चालला! माझ्या पॅडची लाल तार ग्राउंड निघाली. मल्टिमीटर लावला नसता तर आज हा प्रतिसाद आला नसता. जॉय.सीपीएलमध्ये त्या पिवळट पॅडचा दिवा लागला तेव्हा मी ओरडलो, शेजारचे बघायला आले. हौशी लोक या जुन्या कन्सोलसाठी अजूनही नवे गेम लिहून फुकट देतात, त्यातला एक उतरवला. पीसीवर एम्युलेटरला (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) पॅड थेट कळतो, दुभाषा लागला नाही.

पण एक गोची आहे. सिलेक्ट दाबलं की स्टार्टही दाबलं जातं. उलटही तेच. कोडमध्ये चूक शोधून थकलो.

---

सोल्डरवाला | रवि, दुपारी १२:४०

कोड नाही. क्लॉक चुकलं असतं तर पुढची सगळी हजेरी एकेक घर सरकली असती, वर दाबल्यावर खाली गेला असता. तुमच्याकडे फक्त शेजारची दोनच बटणं चिकटतायत. म्हणजे पट्टीवर त्या दोघांमध्ये काहीतरी वीज नेतंय. रबर उचला आणि खाली बघा. काही चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काडीचा कापूस.

---

जिरावण | रवि, दुपारी १:३०

उघडला. सिलेक्ट आणि स्टार्टच्या मध्ये तपकिरी, चिकट, काचेसारखा डाग. पावसाळी हवेने वरून ओलसर झालेला. वास घेतला.

जलेबीचा पाक आहे. १९९६ च्या आसपासचा. रविवारी पोहे-जलेबी खाऊन हात न धुता कोण खेळायला बसायचं ते आत्ताच पुण्याला फोन करून विचारतो.

---

तर्रीबाज | रवि, दुपारी १:३४

पुसण्याआधी फोटो टाका.